महाविद्यालयाची प्रतिष्ठा आणि मैदानावरची संगत

हैदराबादच्या बेगम बाजारात मसाले, सुकामेवा आणि भांड्यांची घाऊक उलाढाल चालते. तेथून कोठीच्या दिशेने निघाले की जांबाग भागात मराठी मंडळींनी उभारलेली विवेकवर्धिनी संस्था लागते आणि त्यापुढे बशीरबागेत निजाम कॉलेज. या परिसरातील अनेक महाविद्यालये आज उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. निजाम कॉलेज मात्र तेथे उशिरा आले. १८८७ साली स्थापन झालेले हे कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. १९१८ मध्ये शहरातच उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले, तरी इंग्रजी माध्यमाच्या या कॉलेजने मद्रासशी असलेला संबंध १९४७ पर्यंत टिकवला.

गोमंतकीय वाचकाला ही कथा अनोळखी वाटू नये. १९६२ साली सुरू झालेली पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती.

संलग्नतेचा परिणाम पदवीपत्रापुरता राहत नाही, तो मैदानापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाविद्यालय नव्हे, विद्यापीठ उतरते. महाविद्यालयांतील निवडक खेळाडूंचा विद्यापीठ संघ होतो. भारतीय विद्यापीठ संघाच्या रचनेत हा संघ बहुतेक सांघिक खेळांत आधी आपल्या विभागात खेळतो. उस्मानिया दक्षिण विभागात, तर गोवा पश्चिम विभागात. तेथील यशस्वी संघ पुढे अखिल भारतीय फेरीत जातात. म्हणजे कोणाशी खेळायचे, हे प्रतिष्ठेवर नव्हे, भूगोलावर ठरते.

अमेरिकेत याउलट आहे. तेथे विद्यापीठे आपापसांत गट बांधतात. त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हार्वर्ड, येल आदी आठ संस्थांनी १९५४ मध्ये ‘आयव्ही लीग’चा करार केला. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. मुळात क्रीडागट असलेले हे नाव पुढे विद्वत्तेचे बिरुद बनले. मात्र हे नाते अतूट नाही. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉल संघ मोडला आणि १९४६ मध्ये ‘बिग टेन’ गट सोडला. विद्येच्या क्षेत्रातील त्याचे स्थान ढळले नाही. नेब्रास्का विद्यापीठाला २०१० मध्ये त्याच गटात प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी संशोधन विद्यापीठांच्या प्रतिष्ठित संघटनेतील सदस्यत्व गेले, तरी गटातील जागा राहिली. २०२४ मध्ये तर पॅसिफिक किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे ‘अटलांटिक कोस्ट’ गटात गेली. दूरचित्रवाणीच्या पैशापुढे भूगोलही मागे पडला.

भारतात याच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणजे १९६१ पासून होणारा आंतर-आयआयटी क्रीडा मेळावा. हैदराबादची आयआयटी (२००८) असो वा गोव्याची (२०१६), त्यांना जोडणारा धागा प्रदेशाचा नसून समान शैक्षणिक दर्जाचा आहे.

मग विद्यार्थ्याने काय पाहावे? नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तरी विद्यापीठ संघातील जागेसाठी संलग्न महाविद्यालयांतील साऱ्या खेळाडूंशी झुंजावे लागते. खासगी किंवा अभिमत विद्यापीठ स्वतःचा संघ थेट विभागीय स्पर्धेत उतरवते. तेथे निवडीची चाळणी तुलनेने लहान असू शकते, पण सराव, मैदान आणि प्रशिक्षक यांची खात्री नावावरून होत नाही. प्रवेशापूर्वी ही चौकशी करणे शहाणपणाचे.

मोठ्या विद्यापीठाचेही मोल आहेच. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई १९५९-६० च्या हंगामात मुंबई विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात खेळले आणि तेथेच क्रिकेटजगताच्या नजरेत भरले. १९८५ नंतर गोव्यातल्या मुलांसाठी अशा स्पर्धांचे दार गोव्यातच उघडले. मुंबईच्या नावाचे वलय त्या दाराला नाही. पण त्यातून आत जाण्यासाठी गोव्याच्या मुलाला आता मुंबईच्या मुलांशी जागेची झुंज द्यावी लागत नाही. ती जागा भक्कम करायची, तर आपल्या महाविद्यालयांनी मैदानाचा तासही वर्गातील तासाइतकाच गांभीर्याने घ्यायला हवा.