सर्व्हो मोटार : रचना, प्रकार आणि खेड्यातील उपयोग

शेतकऱ्याच्या घरी विजेची मोटार आली, त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, कडबा कापण्याचे यंत्र ही सारी कामे मोटार करते. ही मोटार बलवान असली, तरी ती आंधळी असते. वीज मिळाली की ती फिरते, वीज बंद झाली की थांबते. काम किती झाले आणि किती उरले, याची जाणीव तिला नसते. ज्या मोटारीला ही जाणीव करून देण्याची योजना केलेली असते, तिला सर्व्हो मोटार असे म्हणतात. आज हे नाव अनेक खेड्यांत पोहोचले आहे, ते मुख्यतः 'सर्व्हो स्टॅबिलायझर' या यंत्रामुळे होय. कमी दाबाच्या विजेवर उपाय म्हणून हे यंत्र गिरणीवाले, दूध शीतकरण केंद्रे व बागाईतदार विकत घेतात. त्यासाठी बरीच रक्कम खर्ची पडते. म्हणून हे यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे शेतकरी बंधूंनी व ग्रामकार्यकर्त्यांनी नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

मूळ तत्त्व

तेलावर चालणारे इंजिन ज्यांनी हाताळले आहे, त्यांना त्यातील गव्हर्नर परिचयाचा असेल. इंजिनाचा वेग वाढला की गव्हर्नरची वजने बाहेर फेकली जातात व तेलाचा पुरवठा कमी होतो. वेग उतरला की वजने आत येतात व तेल वाढते. अशा प्रकारे इंजिन स्वतःच्या वेगाची दखल घेऊन स्वतःलाच आवरते. जेम्स वॅट याने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर असा गव्हर्नर बसविला होता.

परंतु जेथे हलवावयाची वस्तू जड असते, तेथे गव्हर्नरच्या वजनांची शक्ती पुरी पडत नाही. मोठ्या जहाजाचे सुकाणू अशा वस्तूंपैकी एक आहे. नाविकाने चाक थोडे फिरवावे आणि वाफेच्या शक्तीने सुकाणू नेमके तेवढेच वळावे, अशी योजना फ्रान्समधील फार्को या अभियंत्याने केली व १८७३ साली त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. 'सर्व्हो मोटार' हे नाव त्याचेच आहे. लॅटिन भाषेत 'सर्व्हस' म्हणजे दास. धन्याच्या हुकुमाबरहुकूम तेवढेच काम करणारी ती दास-मोटार, असा त्या नावाचा अर्थ आहे.

जलविद्युत् केंद्रांतही हेच तत्त्व वापरतात. १९६२ सालापासून वीज देऊ लागलेल्या कोयनेसारख्या केंद्रात टर्बाइनवर येणारे पाणी कमीअधिक करण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारे सर्व्हो मोटार असतात. विजेची मागणी वाढून यंत्राचा वेग किंचित उतरला की ते पाण्याची वाट अधिक उघडतात. आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांच्या आसपास राहते, त्यात या दासांचा मोठा वाटा आहे.

कार्य कसे चालते?

कोणत्याही सर्व्हो योजनेत चार अंगे असतात. पहिले अंग म्हणजे हुकूम : काय हवे आहे, याची आगाऊ केलेली निश्चिती. दुसरे अंग म्हणजे मापक : प्रत्यक्षात काय आहे, हे सतत पाहणारा डोळा. तिसरे अंग म्हणजे तुलना करणारा भाग : हवे ते आणि आहे ते यांतील फरक तो काढतो. चौथे अंग म्हणजे मोटार व तिला जोडलेली दातेरी चाके : फरक ज्या दिशेचा असेल त्याच्या उलट दिशेने ती फिरतात आणि फरक नाहीसा झाला की थांबतात.

बैल हाकणारा नांगऱ्या हेच करीत असतो. सरळ तास हा हुकूम, नांगऱ्याची नजर हा मापक, तास किती वाकडा झाला याचा अंदाज ही तुलना आणि कासरा ओढणारा हात ही मोटार. मात्र नवशिक्या नांगऱ्या थोड्याशा चुकीसाठी कासरा जोराने ओढतो. मग तास दुसऱ्या बाजूस जातो, पुन्हा उलट ओढावा लागतो आणि सारे शेत नागमोडी होते. सर्व्हो मोटारीतही हा दोष उद्भवतो. ती ठिकाणावर न थांबता मागेपुढे हेलकावे घेऊ लागते. असे होऊ नये म्हणून अगदी अल्प फरकाकडे तिने दुर्लक्ष करावे, अशी मर्यादा यंत्रात ठरवून दिलेली असते.

सर्व्हो मोटारीचे प्रकार

१. एकदिश प्रवाहावर चालणारी, कार्बन ब्रश असलेली मोटार. ही स्वस्त असते, परंतु तिचे ब्रश झिजतात.

२. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी मोटार. हिच्यापैकी काहींत कायम चुंबक असतात. स्टॅबिलायझरमध्ये बहुधा या जातीची, संथ गतीची मोटार आढळते.

३. ब्रशविरहित मोटार. कारखान्यांतील यंत्रे व दुधाच्या पिशव्या भरणारी आधुनिक यंत्रे यांत ती वापरतात. पिशवीचा कागद प्रत्येक वेळी ठरलेल्या लांबीइतकाच पुढे सरकविणे हे तिचे काम.

४. लहान, मर्यादित कोनातून फिरणारी मोटार. ही पूर्ण फेरा न घेता साधारण अर्ध्या फेऱ्यात हव्या त्या कोनावर थांबते. विमानाच्या घडणीच्या छोट्या ड्रोनचे पंख वळविण्यासाठी ती उपयोगी पडते.

५. तेलाच्या दाबावर चालणारी. हिच्यात मोटारीऐवजी दट्ट्या असतो व तो प्रचंड जोर लावू शकतो.

या शेवटच्या प्रकाराशी ट्रॅक्टरचालकांचा नित्याचा संबंध आहे. ट्रॅक्टरच्या मागील हायड्रॉलिक उचलीस 'ड्राफ्ट कंट्रोल'चा दांडा असतो. नांगरास कठीण जमीन लागून ओढ वाढली की उचल नांगरास किंचित वर घेते. ओढ कमी झाली की पुन्हा खाली सोडते. हॅरी फर्ग्युसन या आयरिश तंत्रज्ञाने ही पद्धत प्रचारात आणली. दांडा ठरवितो तो हुकूम आणि नांगराची ओढ हे माप, असे लक्षात घेतले म्हणजे ही उचलही सर्व्होच आहे हे पटेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपोआप चालणारे प्रत्येक साधन सर्व्हो नव्हे. ठिबक सिंचनातील सोलेनॉइड व्हॉल्व्ह हा केवळ उघडतो किंवा मिटतो. त्याला मधली स्थिती नसते. तसेच खट्‌खट् आवाज करीत टप्प्याटप्प्याने दाब बदलणारा साधा स्टॅबिलायझर हा रिलेवर चालतो, त्यात सर्व्हो मोटार नसते. खरेदी करताना हा फरक विचारून घ्यावा.

कमी दाबाने मोटार का जळते?

१९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी लघुदाबाच्या विजेस ठरलेल्या दाबाच्या ६ टक्के वर किंवा खाली एवढीच मुभा ठेवली होती. या हिशेबाने ४१५ व्होल्टची वीज ३९० च्या खाली जाता कामा नये. परंतु वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या विहिरीवर, सर्व पंप एकाच वेळी चालू असता, दाब याहून पुष्कळ खाली गेल्याचा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही.

मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब ४१५ वरून ३३२ व्होल्टवर, म्हणजे चार पंचमांशावर आला, तर सुरू होतानाचा जोर १०० वरून ६४ वर येतो. ३०० व्होल्टवर तो निम्म्याहून किंचितच अधिक उरतो. मोटार सुरूच होत नाही, किंवा सुरू असलेली मोटार ओझे ओढण्यासाठी अधिक प्रवाह घेऊ लागते. प्रवाह एक पंचमांशाने वाढला की तारांतील उष्णता जवळजवळ दीडपट होते. वेटोळ्यांवरील वेष्टन करपते आणि मोटार जळते. ऐन उन्हाळ्यात असे घडले तर मोटार भरून येईपर्यंत उभे पीक वाळते. हानी केवळ तांब्याच्या तारेची नसते.

सर्व्हो स्टॅबिलायझरची रचना

या यंत्रात एका वर्तुळाकार गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यावरून एक कार्बन ब्रश फिरतो. ब्रश मध्यावर असता दाबात बदल होत नाही. एका बाजूस सरकला की दाबात भर पडते, दुसऱ्या बाजूस सरकला की दाब कमी होतो. मोठ्या यंत्रात ही भर किंवा घट दुसऱ्या एका रोहित्रामार्फत मुख्य वाहिनीत मिसळली जाते. बाहेर पडणारा दाब सतत मोजला जातो, ठरविलेल्या दाबाशी त्याची तुलना होते आणि फरक दिसताच सर्व्हो मोटार ब्रशला योग्य त्या दिशेने फिरविते. ब्रश टोकास पोहोचला की मोटार थांबविणारी कळ तेथे बसविलेली असते.

यावरून या यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट होतात. ब्रश फिरण्यास काही क्षण लागतात. सबब विजेचा लोळ किंवा दाबाची एकाएकी येणारी उसळी ते अडवू शकत नाही. ब्रश टोकास गेल्यावर दाब त्याहून खाली उतरला, तर यंत्र हतबल होते. तीन फेजपैकी एक फेज गेली, तर ती ते परत आणू शकत नाही. त्यासाठी मोटारीस सिंगल फेजिंग प्रतिबंधक स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, स्टॅबिलायझर वीज निर्माण करीत नाही. समजा, गिरणीस ४०० व्होल्टवर २० अँपिअर प्रवाह हवा आहे आणि वाहिनीवर ३२० व्होल्टच आहेत. स्टॅबिलायझर ४०० व्होल्ट देईल, परंतु त्यासाठी वाहिनीतून २५ अँपिअर ओढून घेईल. कमी दाबामुळे जी मोटार उठतच नव्हती ती आता उठेल आणि आपले पूर्ण ओझे वाहिनीवर घालील. त्यायोगे वाहिनीच्या टोकावरील दाब आणखी उतरेल. एकाने यंत्र बसविले तर त्याची सोय होईल. मात्र त्याच रोहित्रावरील दहा जणांनी बसविले, तर अकराव्याचा पंप बंद पडेल आणि कदाचित रोहित्रच जळून सर्वांचेच पाणी थांबेल.

खरेदीपूर्वी काय करावे?

प्रथम आठवडाभर दाबाची नोंद ठेवावी. पहाटे, दुपारी व रात्री, मोटार बंद असता आणि चालू असता, तिन्ही फेजचा दाब जाणकार वायरमनकडून मोजून वहीत लिहावा. मोटार बंद असता दाब ठीक आणि ती चालू करताच फार उतरतो, शेजाऱ्यांकडे मात्र उतरत नाही, असे दिसले तर दोष आपल्याच बारीक केबलमध्ये किंवा सैल जोडात आहे. तो थोड्या खर्चात दूर होतो.

दाब सर्वांकडेच उतरत असेल, तर रोहित्रावर ओझे जास्त आहे. अशा वेळी सर्व पंपधारकांनी योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसवावेत. शक्तिगुणक ०.८० वरून ०.९५ वर नेल्यास त्याच कामासाठी वाहिनीतील प्रवाह सुमारे एक षष्ठांशाने घटतो. पंप पाळीपाळीने चालवावेत आणि नोंदवहीसह महावितरणकडे ओझे विभागण्याविषयी सामुदायिक अर्ज करावा.

एवढे करूनही उणीव राहिली, तर स्टॅबिलायझर घ्यावा. नोंदवहीतील सर्वांत कमी दाब त्याच्या कार्यमर्यादेत बसला पाहिजे. ५ अश्वशक्तीची मोटार चालू असता साधारणपणे ६ के.व्ही.ए. घेते, पण सुरू होताना तिचा प्रवाह कित्येक पट असतो. म्हणून क्षमता त्याहून बरीच अधिक असावी. खेड्यात तिन्ही फेजचा दाब सहसा सारखा नसतो, यास्तव प्रत्येक फेजसाठी स्वतंत्र सर्व्हो मोटार असलेले यंत्र पसंत करावे. ते भारतीय मानकास अनुसरून आहे, याची खात्री करून घ्यावी.

निगा

यंत्र कोरड्या व हवेशीर जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावे. त्याच्या झरोक्यांतून पाल किंवा उंदीर आत शिरणार नाही अशी जाळी असावी. गिरणीतील पिठाची धूळ ब्रशच्या मार्गावर बसल्यास ठिणग्या उडतात व वेटोळे खराब होते. म्हणून यंत्र आडभिंतीपलीकडे ठेवावे व वीज पूर्णपणे तोडून जाणकाराकडून ठराविक मुदतीने साफ करून घ्यावे. झिजलेला ब्रश वेळीच बदलावा. अर्थिंगची तार जोडल्याशिवाय यंत्र कदापि चालू करू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील एखादे रोहित्र निवडून त्यावरील सर्व पंपधारकांची बैठक घ्यावी. कोणाकडे कपॅसिटर आहे, कोणाचा नादुरुस्त आहे आणि टोकाच्या विहिरीवर दाब किती मिळतो, याचा तक्ता सर्वांच्या समक्ष तयार करावा. सर्व्हो मोटार हुकूम व प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक पाहते आणि तेवढीच दुरुस्ती करते. गावानेही आपल्या विजेच्या बाबतीत प्रथम मोजमाप, मग तुलना व शेवटी खर्च, हाच क्रम ठेवावा, म्हणजे पैसा वाया जाणार नाही आणि टोकाच्या विहिरीसही पाणी मिळेल.