जुगार आणि पार्किन्सनची गोळी

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी आली, तरी वाद अजून कौशल्य की नशीब याच मुद्द्याभोवती फिरतो आहे. रमीला डोकं लागतं, हा कंपन्यांचा युक्तिवाद. नव्या कायद्याने तो भेदच मोडीत काढला आणि माझ्या मते बरोबर केलं. खेळणारा अडकतो तो पुढचं पान काय येईल या अनिश्चिततेत.

याचा धागा सापडला तो भलत्याच शोधात. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या अभ्यासासाठी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी तपासत होते. हालचालीशी या पेशींचं फारसं नातं दिसेना. फळाच्या रसाचा थेंब अवचित मिळाला, की मात्र त्या उसळत. दिवा लागला की रस येतो, हे माकड शिकलं आणि उसळी दिव्यावर सरकली. रस आला तेव्हा पेशी शांतच. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या मंदावत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाची ही नोंद, आणि शिकणं चालतं ते याच नोंदीवर. २००३ मध्ये शुल्ट्झ यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळण्याची शक्यता निम्मी असेल, तर वाट पाहतानाच या पेशींची धडधड सर्वांत जास्त वाढत जाते. जुगाराचा धंदा नेमका या वाट पाहण्यावर चालतो.

मला जास्त हलवून गेली ती माणसांची हकिगत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये जुगाराच्या नादी लागलेल्या ११ पार्किन्सन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे या आजारात कमी पडणाऱ्या डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेत होते. त्यांतले ९ जण प्रामिपेक्सोल नावाचं. औषध सुरू झाल्यापासून किंवा मात्रा वाढल्यापासून तीन महिन्यांच्या आत ७ जणांना नाद लागला होता. उरलेल्या चौघांचं औषध थांबवलं आणि जुगार सुटला. पुढे २०१० मध्ये ३,०९० रुग्णांची पाहणी झाली. जुगार, बेसुमार खरेदी, खा-खा, कामवासनेवरचा सुटलेला ताबा यांपैकी काही ना काही, अशी औषधं घेणाऱ्यांतल्या १७.१ टक्के लोकांत आढळलं. न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. बहुतेकांना काहीच झालं नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. पण ज्यांना झालं, त्यांच्या संस्कारांत एका गोळीने खोट आली असं कोण म्हणेल? मग ॲपवर कर्जबाजारी झालेल्या पोराला तेच का ऐकवायचं?

कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, हे चांगलं झालं. आता त्याला उपचार मिळायला हवेत. निदान टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तरी घराघरांत माहीत हवा. घरात पार्किन्सनचा रुग्ण असेल, तर नवी गोळी सुरू झाल्यावर त्याच्या खर्चाकडेही लक्ष ठेवा. वागणं बदललेलं दिसलं तर न लाजता डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका; ती त्यांच्या सल्ल्याने, हळूहळूच कमी करावी लागते.