एस्ते, एसे, आकेल

वस्तूचे स्थान सांगण्यापूर्वी निरीक्षक कोठे आहे हे ठरवावे लागते, असे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. स्पॅनिश भाषेतील दर्शक विशेषणांनाही हाच नियम लागू पडतो. मराठीत ‘हा’ आणि ‘तो’ असे दोनच भेद; स्पॅनिशमध्ये तीन. बोलणाऱ्याजवळचे पुस्तक ‘एस्ते लिब्रो’, ऐकणाऱ्याजवळचे ‘एसे लिब्रो’ आणि दोघांपासून दूरचे ‘आकेल लिब्रो’. म्हणजे आपल्या हातातील ‘एस्ते लिब्रो’ समोरच्या मित्राच्या तोंडी ‘एसे लिब्रो’ होते. पुस्तक मात्र जागचे हललेले नसते!

लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलणे मराठी विद्यार्थ्यास नवे नाही. ‘मेसा’ म्हणजे टेबल. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘एस्ता मेसा’, अनेकवचनी ‘एस्तास मेसास’. मात्र ‘लिब्रो’शी यमक जुळते म्हणून ‘एस्तो लिब्रो’ म्हणू नये. ‘एस्तो’ म्हणजे नुसते ‘हे’. ते नामाला कधीच जोडत नाहीत.