बर्फाचा पेला आणि केळीची खोली

नशिराबादहून जळगावकडे जा की भुसावळकडे, हायवेवर केळीची गाडी भेटतेच. त्यातली बरीच केळी पुढे पिकवणीच्या थंड खोलीत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये जातात. तिथे साधारण १६ ते १८ अंश तापमान आणि इथिलीन वायू यांच्या जोरावर हिरवे घड चार-सहा दिवसांत पिवळे होतात. पण एखाद्या खेपेला साल राखाडी, मळकट निघते. कंट्रोलरच्या पडद्यावर तर १७ अंशच दिसत होते! मग शंका गॅसवर, कॉम्प्रेसरवर, शेवटी शेतकऱ्याच्या मालावर. माझं म्हणणं एवढंच, की पहिली शंका खोलीचं तापमान मोजणाऱ्या, काळ्या वायरच्या टोकावरच्या सेन्सरवर घ्या.

केळी उष्ण प्रदेशातली. १३ अंशांखाली तिच्या सालीतल्या पेशी बिघडतात, चिकाच्या नळ्या तपकिरी पडतात आणि साल मळकट दिसते. खानदेशात हिवाळ्यात बागेला बसतो तोच हा थंडीचा चरका. तो लगेच दिसत नाही आणि दिसल्यावर दुरुस्तही होत नाही.

या खोल्यांमध्ये, बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आणि नाशिकची वाइन १२-१३ अंशांवर ठेवणाऱ्या छोट्या कपाटातही बहुधा थर्मिस्टर नावाचा सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो. असा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. नेहमीच्या सेन्सरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो, १३ अंशांना १६-१७ हजार. एका अंशाला साधारण ४ टक्के फरक.

आता खोलीतली दमट हवा घ्या. आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे. सेन्सरच्या टोपीला बारीक चीर गेली, आत ओल शिरली, की विजेला दुसरी वाट मिळते. ही ओलीची वाट १ लाख ओहमची धरली, तर १३ अंशांतला १६ हजारांचा रोध १४ हजारांच्या आसपास उतरतो. कंट्रोलर त्याचा अर्थ साडेसोळा अंश असा लावतो आणि कॉम्प्रेसर गरजेपेक्षा जास्त चालवतो. पडदा १७ दाखवतो, केळी मात्र साडेतेरा अंशांवर असते; ओल वाढली की ती १३ अंशांखाली जाऊन गारठते. वायर तुटली तर उलटं घडतं: रोध अफाट वाढतो, यंत्राला वाटतं कडाक्याची थंडी आहे, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. पुष्कळ कंट्रोलर अशा वेळी बिघाडाची खूण दाखवतात. ओलीचा दोष मात्र गुपचूप राहतो, म्हणून तोच जास्त घातक.

तपासणी स्वस्त आहे. पेलाभर बर्फ बारीक कुटा, तो जेमतेम बुडेल इतकं पाणी घाला, ढवळा. हे मिश्रण शून्य अंशांवर टिकतं. बोअरचं जड पाणी असलं तरी फरक एका अंशाच्या दहाव्या भागाइतकाही पडत नाही. सेन्सर मधोमध लटकवा, काचेला टेकू देऊ नका. पाच मिनिटांनी पडदा वाचा. शून्याच्या आसपास आकडा हवा. ३-४ अंश किंवा त्याहून जास्त दिसले तर सेन्सर बदला. खात्रीसाठी वीज बंद करून, सेन्सरची जोडणी सोडवून मल्टिमीटर लावा. १० हजारी सेन्सर बर्फात २७ ते ३३ हजार ओहम दाखवतो. नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात मिळेल. रोध त्याहून बराच कमी असेल तर आत ओल आहे. तो सेन्सर सुकवून परत लावू नका, चिरेतून ओल पुन्हा शिरेल.

खोली माल भरण्याआधी रिकामी असते, तेव्हाच ही तपासणी करा. प्रत्येक सेन्सरची, दर हंगामात.