बोटांनी शिकवलेलं

दिव्यांग मुलांच्या शिक्षकांचा सत्कार झाला की 'या मुलांनी मला संयम शिकवला' हे वाक्य हमखास कानावर येतं. ते मनापासूनचं असतं, पण अपुरं असतं. या मुलांनी शिक्षकांना शिकवण्याचं शास्त्रच दिलं आहे, आणि तेही अनेकदा शिक्षकांचा विरोध सोसून.

पॅरिसची अंधशाळा घ्या. व्हालांतँ आय्वी यांनी १७८०च्या दशकात ती काढली, तेव्हा पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरं उठावदार छापत. डोळस शिक्षकाला ती सहज वाचता येत. मुलं मात्र एकेक वळण चाचपत बसत. शार्ल बार्बिये या लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आणली. लुई ब्रेलने ती सहा ठिपक्यांवर आणली, म्हणजे अख्खं अक्षर बोटाच्या एका पेराखाली मावलं. हे १८२४ साली, तो पंधरा वर्षांचा असताना. पुढे तो तिथेच शिक्षक झाला, तरी १८४०च्या सुमारास नव्या मुख्याध्यापकांनी ठिपक्यांवर बंदी घातली. वेगळ्या लिपीमुळे मुलं समाजापासून तुटतील, हा त्यांचा युक्तिवाद. मुलं चोरून लिहीतच राहिली. ते जोझेफ ग्वादे या साहाय्यकाने जवळून पाहिलं आणि वरिष्ठांचं मन वळवलं. १८४४ साली जाहीर प्रात्यक्षिक झालं; अधिकृत मान्यता आली १८५४ मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ब्रेलइतकाच मला ग्वादे मोठा वाटतो. स्वतःला ज्या लिपीची गरज नव्हती, तिच्यासाठी तो भांडला.

मराठीही १९५१ पासून भारती ब्रेलमध्ये लिहिली जाते. तिथे 'कि' लिहिताना आधी क येतो, मग ऱ्हस्व इ, उच्चाराचाच क्रम. पहिली वेलांटी आधी काढायची सवय असलेल्या डोळस शिक्षकाला हे नव्याने गिरवावं लागतं.

कर्णबधिरांच्या शाळांत हाच झगडा जास्त कडवट झाला. १८८० साली मिलानच्या परिषदेत, जवळपास सगळ्या ऐकू येणाऱ्या प्रतिनिधींनी, खुणांऐवजी तोंडी बोलण्यावर भर द्यायचं ठरवलं. नंतर कित्येक पिढ्या ओष्ठवाचनात खपल्या. आपल्याकडेही अनेक शाळांनी तीच वाट धरली. मिलानचे ठराव शेवटी २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने नाकारले. मधल्या काळात विल्यम स्टोकी हा इंग्रजीचा प्राध्यापक वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयात आला आणि विद्यार्थ्यांचे हात बघत राहिला. या खुणांना स्वतःची रचना आहे, हे त्याने १९६० साली मांडलं, तेव्हा सहकाऱ्यांनाच ते पटलं नाही.

निकाराग्वात तर भाषा डोळ्यांदेखत जन्मली. मानाग्वा शहरात १९७७ पासून कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एका शाळेत आली. वर्गात शिक्षक ओठांवरून स्पॅनिश शिकवत. फारसं काही साधत नव्हतं. मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मात्र मुलं आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळत होती. शिक्षकांना त्यातलं काही कळेना, म्हणून १९८६ साली ज्युडी केगल या भाषाशास्त्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांना तिथे घडत असलेली नवी भाषा सापडली, आणि तिचं व्याकरण मागाहून आलेली लहान मुलं अधिक बांधीव करत होती! मोठ्यांच्या मदतीवाचून मुलांनी भाषा उभी केली, याहून मोठा धडा शिक्षकाला कुठला?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शर्टाची बटणं लावायला शिकवताना शिक्षकाला कळतं, की आपण न बघता करतो त्या कामात किती पायऱ्या आहेत. मग काम उलटीकडून शिकवतात. आधीचं सगळं शिक्षक करतो, बटण काजातून ओढून घेण्याची शेवटची क्रिया मुलाकडे. काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो. सर्वसाधारण शाळेतला भागाकारही असा शिकवून पाहावा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांची चर्चा होते. ब्रेल आणि सांकेतिक भाषा येणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, घडवावेत आणि नेमावेत असंही तो कायदा सांगतो. त्याची चर्चा फारच कमी. कर्णबधिरांच्या प्रत्येक शाळेत एक तरी कर्णबधिर शिक्षक हवा. मधल्या सुट्टीत मुलं काय बोलतात, हे निदान त्याला विचारता येईल.