आण्याचा घाट उतरून कुकडीच्या काठाने

आणे पठारावरून पायी निघणारा माणूस बाटल्या गावातच भरून घेतो. पठार पर्जन्यछायेतलं. खाली धरणं झाली, तरी त्यांचं पाणी वर चढावं ही इथली मागणी जुनीच आहे. नदीकाठच्या दिवसभराच्या चालीला सुरुवात इथूनच करावी. कुकडीने खालच्या गावांना काय दिलं, हे उतरताना शेताशेताने दिसत जातं.

कल्याण-नगर महामार्ग याच घाटातून जातो, म्हणून उजाडताच उतरलेलं बरं. वाटेत गुळुंचवाडीला थांबायलाच हवं. मळगंगेच्या देवळाजवळ ओढ्याने खडक पोखरून आरपार वाट काढली आहे आणि वर राहिलेल्या खडकाचा नैसर्गिक पूल झाला आहे. महामार्गाने जाणाऱ्या किती गाड्या इथे न थांबता निघून जातात!

बेल्ह्यात पहिला चहा. सोमवार असेल तर बाजारामुळे टपरीवर बसायला जागा मिळत नाही, पण माहिती भरपूर मिळते. आणि माहिती लागतेच. इंग्लंडमध्ये टेम्सच्या काठाने जाणारी लांब पायवाट १९९६ मध्ये अधिकृतपणे खुली झाली. तिथे पाट्या आहेत, वाटेवर पबही आहेत. कुकडीला अशी आखलेली वाट नाही. काठ म्हणजे कुणाचा तरी बांध, कुणाची मोटर, कुणाची पाइपलाइन. त्यामुळे इथला थांबा पाय मोकळे करण्यापेक्षा वाट विचारण्यासाठी जास्त.

“मामा, काठानं पुढं जाता येईल का?”

“जाल की. पण बंधाऱ्यापर्यंतच. पुढं घळ हाय, तिथनं वर या.”

असं विचारत विचारत बोरी बुद्रुक येतं. इथल्या काठावर उघड्या पडलेल्या मातीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला. ही राख त्याच उद्रेकाची असल्याचं अनेक संशोधक मानतात. राखेच्या वयावरून मात्र बराच वाद झाला, कारण इथेच अश्मयुगीन दगडी हत्यारंही सापडली आणि त्यांचा काळ राखेवरून ठरणार होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या जागेवर बरंच काम केलं आहे. भारताच्या प्रागितिहासात इतकं महत्त्वाचं ठिकाण वांग्या-कांद्याच्या वावरांशेजारी आहे. ते नीट जपलं गेलंच पाहिजे.

दुपारचं जेवण सावली बघून. पिठलं, भाकरी, ठेचा सोबतच घेतलेला बरा, कारण काठावर हॉटेल नाही. कांद्याच्या बराखीपाशी बसलेल्या माणसांना ‘जरा टेकू का?’ एवढं विचारलं, की तांब्या पुढे येतो.

याच नदीने पुढे निघोजला खडकात रांजणखळगे कोरले आहेत. प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी झिजवून केलेलं ते काम बघायला खूप जण जातात. पण आण्याहून निघालेल्याने एका दिवसात तिथवर पोचण्याचा हट्ट धरू नये. जुन्नर तालुक्यात ऊस वाढला तसे बिबटे उसात राहू लागले, तिथेच विऊ लागले. अंधार पडू लागल्यावर उसाच्या कडेने एकट्याने चालायचं नाही, वाकून बसायचं नाही, मोठ्याने बोलत राहायचं, हे इथे लहान पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून ऊन कलायच्या आधीच काठ सोडून डांबरी रस्ता गाठायचा आणि बेल्ह्याकडे जाणारी मिळेल ती गाडी पकडायची.