जिभेला हलकी, रक्ताला जड

सोनेरी रंग, वर पांढराशुभ्र दाट फेस आणि ग्लास नाकाशी नेताच पिकलेल्या केळ्याचा, लवंगेचा वास. बेल्जियन पद्धतीच्या 'एल' बिअरची ही ओळख. 2009 मध्ये पुण्यात 'डूलाली'ने स्वतः बनवलेली ताजी बिअर द्यायला सुरुवात केली. त्यानंतर मायक्रोब्रुअरी वाढल्या आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या नोकरदार तरुणांनाही 'विटबिअर', 'ट्रिपल' हे शब्द ओळखीचे होऊ लागले.

या बिअरमध्ये केळं वा लवंग घातलेली नसते. हे काम यीस्टचं. पाव फुगवणारं यीस्टही याच प्रजातीचं. उबदार तापमानात आंबवण होताना ते आयसोअमाइल अॅसिटेट तयार करतं; पिकलेल्या केळ्याच्या वासातही हेच रसायन असतं. लवंगेसारखा वास एका फिनॉलमुळे येतो. विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात.

अशी बिअर पारखायची कशी? परीक्षकांच्या 'बीजेसीपी' या संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण 50 गुण असतात : चवीला 20, वासाला 12, एकूण परिणामाला 10, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि रूपाला 3. घोट गिळताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा भाग हा वासच असतो. म्हणून तर सर्दीत जेवण बेचव लागतं. पारख करायला दोन-चार घोट पुरतात.

ट्रिपलमध्ये साधारण आठ ते नऊ टक्के अल्कोहोल असतं आणि ते जिभेला जाणवू न देणं हे चांगल्या ट्रिपलचं लक्षण मानलं जातं. बनवताना साखर घालतात. ती साखर जवळपास पूर्ण आंबते आणि बिअर अंगाने पातळ राहते. पिणाऱ्याला ती 'हलकी' वाटते, ती यामुळे.

हिशोब मात्र वेगळाच आहे. आठ टक्क्यांच्या 330 मिलिलिटर ग्लासात सुमारे 21 ग्रॅम अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्येही जवळपास तेवढंच असतं. हे निचरायला यकृताला साधारण दोन ते तीन तास लागतात. कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ हा वेळ कमी करत नाही. वाहन चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. 65 किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी असा एकच ग्लास झटपट संपवला, तरी ती ओलांडली जाऊ शकते.

मद्यपानाचं पूर्णपणे सुरक्षित असं प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केलं. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोल घेणारे यांनी चवीपुरतीही घेऊ नये. जे पितात, त्यांनी मागवण्याआधी अल्कोहोलचा टक्का आणि ग्लासाचं माप विचारावं, पोटात काही असू द्यावं आणि घरी जाताना गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी असेल, तर त्या रात्री ग्लासाला हातच लावू नये.